शंका-समाधान : बांधावर उगवलाय तो माठ नेमका कुठला?

पाऊस सुरू झाला की दरवर्षी आमच्याकडे माठाच्या फोटोंचा पूर येतो, आणि निम्म्या फोटोंमध्ये एक हिरवं पान आणि मागे कुणाची तरी चप्पल एवढंच असतं. यंदा म्हटलं, प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा माठावरचे प्रश्न एकाच अंकात घेऊन टाकू. नावं छापत नाही, फक्त गावं देतेय.

प्रश्न (वसमत, जि. हिंगोली) : ताई नमस्कार. आमच्या हळदीच्या बांधावर आणि गोठ्यामागे एक झाड माजलंय, कमरेएवढं झालंय, खोड लालसर, पानं माठाची वाटतात पण तोडायला गेलं की हाताला टोचतं. आई म्हणते काटेमाठ आहे, आम्ही कोवळा असताना भाजी करायचो. शेजारचे म्हणतात राजगिरा रानटी झालाय. मोबाईलच्या ॲपला फोटो दाखवला तर त्याने दर वेळी नवीन नाव सांगितलं. नक्की काय समजायचं? आणि तो गोठ्यामागेच एवढा का येतो, शेतात मधोमध का नाही?

उत्तर : आई बरोबर आहेत, काटेमाठच आहे. शास्त्रीय नाव ॲमरँथस स्पायनोसस, लिनिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ सालीच नोंदवून ठेवलंय. आणि खरं सांगू का, याला ॲपची गरजच नाही, कारण आपल्याकडे रानात उगवणाऱ्या माठांमध्ये पानाच्या बगलेत काट्यांची जोडी असणारा हा एकच आहे. बघायचं कसं, तर पानाचा देठ जिथे खोडाला लागतो तिथे पान जरा खाली ओढून धरा, देठाच्या दोन्ही अंगांना एकेक सरळ, टणक काटा दिसेल, साधारण अर्धा ते एक सेंटिमीटरचा, जून झाडावर त्याहून मोठा. भानगड एवढीच आहे की रोप चार-सहा पानांवर असताना काटे नसतातच, किंवा असले तरी इतके मऊ की बोटाला कळत नाहीत, त्यामुळे जूनमध्ये लोक साधा माठ समजून खुडून आणतात आणि ऑगस्टमध्ये त्याच जागी हात घातला की ओरडतात. कोवळा खाल्ला तर काही बिघडत नाही, तुमच्या आईंची भाजी योग्यच होती.

खोड लाल आहे म्हणून अमुक माठ, हे मात्र डोक्यातून काढून टाका. काटेमाठ हिरव्या खोडाचाही असतो, लालही असतो, आणि एकाच झाडाची उन्हाकडची बाजू लाल आणि सावलीतली हिरवी असंही सर्रास दिसतं. तसंच पानावर मधोमध फिकट पट्टा दिसला म्हणून लोक लगेच नाव ठरवतात, तो पट्टाही बऱ्याच जातींत येतो आणि जातो. रंग बघून माठ ओळखायला गेलात की तुमचं त्या ॲपसारखं होणार.

त्यापेक्षा फुलं बघा. काटेमाठाच्या शेंड्याला जो लांब तुरा येतो त्यात बहुतेक नर फुलं असतात, आणि खाली पानांच्या बगलेत काट्यांना चिकटून जे गोल गोळे असतात ते मादी फुलांचे. सकाळी ऊन चढल्यावर तुऱ्याला टिचकी मारली तर बारीक पिवळट धूळ उडते, ते पराग. सगळा कारभार वाऱ्यावर असल्यामुळे फुलाला ना रंग ना वास, आणि ज्यांना परागांची ॲलर्जी आहे त्यांनी ही टिचकी मारूच नये. घरात भिंग असेल तर बगलेतल्या गोळ्यातलं एक पिकलेलं फळ नखावर घेऊन दाबून बघा. बहुतेक वेळा ते मधोमध आडवं फाटतं, कुंकवाच्या करंड्याचं झाकण उघडावं तसं, आणि आत एकच बी निघतं, काळंभोर, चकचकीत, जेमतेम एक मिलिमीटर.

राजगिऱ्याचं म्हणाल तर शेजाऱ्यांचा अंदाज अगदीच हवेतला नाही, दोन्ही एकाच घराण्यातले आहेत. पण पिकाच्या राजगिऱ्याला काटा नसतो, त्याचा तुरा भरगच्च आणि जड असतो, आणि आपण लाडू-चिक्कीसाठी जो वापरतो त्याचं बी फिकट पिवळसर पांढरं असतं.

आता गोठ्यामागेच का. काटेमाठाला तीन गोष्टी लागतात, भरपूर नत्र, उघडं ऊन आणि उकरलेली माती. गोठ्यामागे गोमूत्र मुरतंय, शेण पडतंय, जनावरांच्या खुरांनी माती सतत हलतेय आणि वर कुणी दुसरं झाड लावलेलं नाही, म्हणजे त्याच्यासाठी पंगतच मांडलीय. उकिरडा, मोडक्या घराचं जोतं, रस्त्याची कड, बाजारतळामागची जागा, मेंढ्या बसून गेलेलं रान, सगळीकडे हेच गणित. त्यात तुमच्या जनावरांनी बी आलेला काटेमाठ वैरणीबरोबर खाल्ला असेल तर बरंचसं बी शेणातून जिवंत बाहेर पडतं, म्हणजे पेरणीसुद्धा तिथेच होते. हळदीत मधोमध तो कमी दिसतो त्याचं कारण साधं आहे, तिथे तुमची निंदणी होते आणि एकदा हळदीची पानं पसरली की खाली ऊन पोचत नाही. सावलीत माठ मार खातो. उलट कडक ऊन आणि उकाड्यात, जिथे इतर बरीच झाडं माना टाकतात, तिथे माठ जोमात असतो, कारण हवेतला कार्बन पकडायची त्याची पद्धत मका-ज्वारीसारखी आहे, सी-४ म्हणतात ती. रुंद पानांच्या तणांत ही पद्धत तशी कमीच आढळते.

मूळचा हा माठ उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचा, आपल्याकडे येऊन इतका रुळला की आता कुणाला परका वाटत नाही.

प्रश्न (कोथरूड, पुणे) : गच्चीत गुलाबाच्या कुंडीत आपोआप एक माठासारखं रोप आलं. काटे नाहीत. पानाचं टोक आत दबल्यासारखं आहे, जणू कुणी कुरतडलंय. आधी वाटलं अळी लागली पण प्रत्येक पान तसंच. आणि पानाखाली पांढरे फोड आलेत. भाजी करू का?

उत्तर : टोकाला खाच असणारा आणि बिनकाट्याचा म्हणजे बहुतेक रानमाठ, ॲमरँथस व्हिरिडिस. खाच अळीची नाही, पानाची ठेवणच तशी असते. आता 'बहुतेक' का म्हटलं, तर ॲमरँथस ब्लायटम म्हणून अजून एक माठ आहे, त्याची खाच तर याहून खोल असते. दोघांतला फरक फळात कळतो. रानमाठाचं फळ पिकलं तरी झाकणासारखं उघडत नाही आणि त्याची साल खूप सुरकुतलेली असते, भिंगातून खरखरीत दिसते. ब्लायटमचं फळही उघडत नाही पण ते बऱ्यापैकी गुळगुळीत असतं. तुमच्या रोपाला शेंड्याकडे बारीक, फांद्या फुटलेला, हिरवट तपकिरी तुरा येईल, तो आल्यावर एक फळ काढून बघा आणि मग ठरवा. घाई कसली आहे.

कुंडीत आलं कसं याचं उत्तर बहुधा नर्सरीच्या मातीत किंवा शेणखतात आहे. खत नीट कुजलेलं नसलं की माठाचं बी त्यात फुकट मिळतं. ढीग आतून चांगला तापला तर बी मरतं, पण आपल्याकडे खत म्हणजे वर्षभर उघड्यावर पडलेला ढीग, तो कडेला कधी तापतच नाही.

पांढऱ्या फोडांना पांढरा तांबेरा म्हणतात, माठावर अगदी नेहमीचा रोग. पानाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळा डाग आणि बरोब्बर त्याच्याखाली पांढरा फोड, फोडला की पिठासारखी भुकटी. माणसाला त्याचा त्रास नाही पण फोड आलेली पानं कोण खाणार. आणि तुमच्या बाबतीत मी म्हणेन अजिबातच खाऊ नका, कारण कुंडी गुलाबाची आहे. गुलाबावर मावा-भुरीसाठी आपण काय काय फवारतो ते आठवा. काही औषधं मुळांवाटे आत शोषली जाणारी असतात, ती धुवून जात नाहीत. माठच खायचाय तर वेगळ्या ट्रेमध्ये मूठभर बी फेका, महिन्याभरात जुडी निघते.

प्रश्न (अलिबाग) : आमच्याकडे रानभाज्या आणायला आम्ही बायका ग्रुपने जातो. कुर्डू, माठ, आघाडा, चाकवत यात नव्या मुलींचा गोंधळ होतो. झटपट ओळखायची काही युक्ती सांगा ना, आणि विषारी काही त्यात येऊ शकतं का?

उत्तर : पहिली युक्ती, पानं समोरासमोर आहेत का एकाआड एक ते बघा. आघाड्याची समोरासमोर जोडीने असतात, खोड चौकोनी लागतं आणि तुऱ्यावरची फळं खाली वळलेली, साडीला चिकटणारी. माठाची पानं एकाआड एक. कुर्डूचीही एकाआड एकच, पण ती निमुळती असतात आणि फुलांचा तुरा चंदेरी गुलाबी, चकाकणारा, तो आला की गोंधळच संपला. तुरा नसताना देठ बघा, माठाचा देठ लांब आणि स्पष्ट असतो, कुर्डूचं पान देठ नसल्यासारखंच निमुळतं होत खोडाला मिळतं. चाकवताच्या कोवळ्या पानावर पिठूळ पांढरी भुकटी असते आणि तो मुख्यतः थंडीतला, पावसाळ्यात चाकवत सापडला असं कुणी म्हणालं तर आधी संशय घ्या. अजून एक कुंजर म्हणून तण आहे, खरिपाच्या रानात माठाशेजारीच उगवतं, त्याची लांब दांड्यावरची गुलाबी बारीक फुलं पानाच्या बगलेतून बाहेर येतात. माठाचं फूल असं दांडा काढून कधी येत नाही.

विषारीचं विचारलंत ते बरं केलंत. खोड मोडलं आणि पांढरा चीक आला तर तो माठ नाही, टाकून द्या, दुधी नावाचं चिकाचं तण वगैरे काहीतरी आहे. पान चुरगाळल्यावर उग्र घाण वास आला तर धोतऱ्याचं रोप असू शकतं, त्याच्या नादी लागू नका. माठाच्या पानाला कच्च्या पालेभाजीचा साधा वास असतो आणि कडा अखंड असते, दाते नसतात. दाते दिसले की तो माठ नव्हे. नव्या मुलींना पहिल्या वर्षी फक्त तोडू द्या, निवडायला मोठ्यांनी बसायचं, सगळीकडे हेच चालतं आणि ते योग्यच आहे. ऑगस्टमध्ये कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव असतात तिथे एक चक्कर मारा, ताज्या जुड्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, पुस्तकातल्या चित्रांपेक्षा ते केव्हाही चांगलं.

प्रश्न (मंगळवेढा, जि. सोलापूर) : चारा कमी होता म्हणून बांधावरचा माठ कापून गाईला घातला. संध्याकाळी गाय धापा टाकायला लागली, डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, वाचली. ते म्हणाले माठाने झालं. माणसं खातात तो माठ गाईला कसा काय बाधतो?

उत्तर : गाय वाचली हे महत्त्वाचं. डॉक्टरांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. माठ जमिनीतलं नत्र नायट्रेटच्या रूपात भराभर वर ओढतो आणि ते खोडात साठवून ठेवतो. पावसाने ताण दिला, झाड सुकत आलं, वाढ थांबली आणि मुळं मात्र ओढतच राहिली, किंवा ताणानंतर एकदम पाऊस झाला, तर हा साठा फार वाढतो. वर बांधाला युरिया सांडलेला असेल तर बघायलाच नको. गाईच्या पोटातले जिवाणू त्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, ते रक्तात जाऊन ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या रंगद्रव्यालाच निकामी करतं, मग गाय श्वास घेतेय पण शरीराला हवा मिळत नाही. धाप, लडखडणं, हिरड्या आणि डोळ्यांच्या आतली कातडी निळसर-तपकिरी होणं, रक्त चॉकलेटी दिसणं ही लक्षणं. यावर पशुवैद्य मिथिलीन ब्लूचं इंजेक्शन शिरेतून देतात, तुम्हालाही बहुतेक तेच दिलं असेल. हे घरी करायचं काम नाही आणि थांबून बघायचंही नाही, काही तासांचा खेळ असतो.

माणसाचं वेगळं आहे. आपण कोवळा पाला खातो, जून खोड नाही, वाटीभर खातो, भारा नाही, आणि आपलं पोट गाईसारखं चार कप्प्यांचं नाही. गाईने भुकेल्या पोटी अख्खा भारा संपवला ही खरी गडबड. थोडासा माठ कडबा-गवतात मिसळून खाल्ला तर सहसा काही होत नाही. आणि एक, वाळवून घातला तर चालेल असं समजू नका, वाळल्याने नायट्रेट जात नाही. माठात ऑक्झलेटही असतं, रोज रोज नुसता माठच खायला घातला तर मूत्रपिंडाला त्रास होतो, तो वेगळा विषय.

जाता जाता, मुतखडा होऊन गेलेल्या माणसांनीही याच ऑक्झलेटमुळे माठाची भाजी डॉक्टरांना विचारून खावी, आणि खायचीच तर उकडून पाणी टाकून.

प्रश्न (मानोरा, जि. वाशिम) : सोयाबीनमध्ये दरवर्षी माठ येतो. दोन डवरणी, एक निंदण, वरून तणनाशक, तरी पुढच्या वर्षी हजर. बी संपतच नाही का? सगळा माठ एकदाच संपवायचा उपाय सांगा.

उत्तर : एकदाच संपवायचा उपाय नाही दादा, कुणी विकत असेल तर घेऊ नका.

बी का संपत नाही ते आधी बघा. मोकळ्या जागी वाढलेलं काटेमाठाचं एक झाड लाखाच्या वर बी टाकू शकतं. बी इतकं बारीक की पाण्याबरोबर, मातीबरोबर, डवऱ्याच्या फासेला चिकटून, हार्वेस्टरमधून कुठेही जातं. आणि सगळं बी एकाच वर्षी उगवत नाही. अमेरिकेत मिशिगनला विल्यम बील नावाच्या प्राध्यापकांनी १८७९ साली तणांचं बी ओल्या वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरलं आणि जमिनीत पुरून ठेवलं, ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून पेरून बघायचं. त्यात ॲमरँथस रेट्रोफ्लेक्सस, म्हणजे माठाचाच तिकडचा एक भाऊबंद, ४० वर्षांनंतरही उगवला. बील १९२४ साली गेले पण प्रयोग पुढच्यांनी चालू ठेवला, अजूनही बाटल्या शिल्लक आहेत. सगळ्याच माठांचं बी इतकं चिवट नसतं, बरंचसं काही वर्षांतच संपतं, पण एखादं वर्ष तुमचं दुर्लक्ष झालं तरी पुढच्या अनेक वर्षांची सोय त्याने करून ठेवलेली असते.

त्याची नस अशी आहे की उगवायला ऊब आणि उजेड लागतो, आणि वरच्या दोन-अडीच सेंटिमीटर मातीतलंच बी बहुतेक उगवतं. म्हणून पहिला पाऊस झाला की घाईने पेरू नका, शक्य असेल तर आठ-दहा दिवस थांबा, तण हिरवंगार उगवू द्या आणि वखराची पाळी देऊन मग पेरा. ती पाळी उथळ ठेवा, खोल गेलात तर खालचं बी परत वर आणाल. पेरणीनंतर पहिले ४०-४५ दिवस रान स्वच्छ ठेवायचं, पुढे सोयाबीनचं पानच जमीन झाकतं आणि उशिरा उगवलेला माठ खुरटतो.

तणनाशकाचं म्हणाल तर दरवर्षी एकच डबा आणताय का ते आधी तपासा. एकाच पद्धतीचं औषध वर्षानुवर्षं मारलं की जी झाडं वाचतात त्यांचंच बी पुढे येतं. नाव मी इथे सांगणार नाही, पिकाचं वय, जमीन, ओल बघून तुमच्या कृषी विज्ञान केंद्रातून सल्ला घ्या. माठ दोन-चार पानांवर असताना जे औषध काम करतं ते वीतभर झाल्यावर करत नाही, आणि आपले लोक फवारतात ते वीतभर झाल्यावरच, पंप मोकळा नव्हता, मजूर नव्हते, पाऊस होता, कारणं मलाही माहितीयत.

आणि सगळ्यात जास्त नुकसान होतं शेवटी. पीक पिवळं पडल्यावर रानात जे आठ-दहा उंच माठ डोकं वर काढून उभे असतात ना, त्यांच्याकडे कुणी बघत नाही, आता काय करतोय तो असं म्हणून सोडून देतात. तेच उपटा. तुरा काळपट व्हायच्या आत उपटा आणि बांधावर टाकू नका, कारण उपटलेल्या झाडावरही बी पिकत राहतं आणि माती ओली असेल तर झाड परत मूळ धरतं. गोणीत भरून रानाबाहेर न्या आणि नष्ट करा.

प्रश्न (फोंडा, गोवा) : परसात तांबडी भाजी करतो. गेल्या वर्षीच्या पडलेल्या बियांची रोपं यंदा आपोआप आली, त्यात काही पूर्ण हिरवी. तांबडी भाजी रानटी होत चाललीय का?

उत्तर : नाही हो, एका वर्षात भाजी रानटी होत नाही. तांबडी भाजी म्हणजे ॲमरँथस ट्रायकलर, मूळची आपल्या आशियातलीच. हिरवी आलीत ती बहुधा दोन प्रकारची असतील. एक तर बियाण्यातच हिरव्या वाणाची भेसळ होती, किंवा ती रानमाठाची रोपं शेणखतातून आलीत. पानाचं टोक आणि फुलं बघा. ट्रायकलरला पानांच्या बगलेत खोडाच्या खालपर्यंत गोल गुच्छ येतात, बोट फिरवलं तर जरा खरखरीत टोचरे लागतात, आणि फळ झाकणासारखं उघडतं. रानमाठाचा भर शेंड्यावरच्या बारीक तुऱ्यावर आणि फळ उघडत नाही. आणि लाल रंगही उजेडावर अवलंबून असतो, नारळाच्या सावलीत आलेली तांबडी भाजी फिकीच दिसणार. तो रंग बिटातल्या रंगाच्या जातीचा, म्हणून तर तिचं पाणी गुलाबी सुटतं. हिरवीही खाण्यासारखीच आहेत, पण पुढच्या वर्षासाठी बी धरायचं असेल तर ती आताच काढा.

प्रश्न (कुर्ला, मुंबई) : स्टेशनजवळ रुळांच्या कडेला खूप माठ येतो. लोक तोडून नेतात. चालेल का?

उत्तर : नको. रुळालगत तणनाशक मारतात, नाल्याचं पाणी येतं, आणि माठ मातीतले शिसं-कॅडमियमसारखे धातू पानात ओढून घेतो, धुऊन ते जात नाहीत. झाडाची ओळख बरोबर असली तरी जागा चुकीची आहे. हायवेची कड, गटाराचा काठ, कारखान्यामागचं पडीक, सगळ्यांना हेच उत्तर.

प्रश्न (रोचेस्टर, मिनेसोटा) : आमच्या घरामागे सोयाबीनचं मोठं फार्म आहे. कुंपणापाशी माठ उगवलाय, अगदी आपल्यासारखा, काटे नाहीत, फारच भराभर वाढतोय. सासूबाई भारतातून आल्यात, त्या म्हणतात भाजी करू. नवरा म्हणतो इथे असलं काही तोडायचं नाही. कोण बरोबर?

उत्तर : यावेळी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने जावं लागेल. तुमच्या भागात उगवणारे तीन माठ लक्षात ठेवा. एक, ॲमरँथस रेट्रोफ्लेक्सस, ज्याचं बी बीलसाहेबांनी पुरलं होतं. त्याच्या खोडाच्या वरच्या भागावर बारीक लव असते, बोटाला खरखरीत लागते, आणि मूळ लालसर. दुसरा तिकडचा वॉटरहेम्प, लव अजिबात नाही, खोड गुळगुळीत, पानं लांबट आणि अरुंद. मिनेसोटात तो भरपूर. आणि तिसरा पामर ॲमरँथ, ज्याच्यामुळे अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची झोप उडालीय.

पामर ओळखायची सोपी परीक्षा आहे. एक जून पान देठासकट तोडा आणि देठ पानावरच उलटा दुमडा. देठ पानाच्या टोकाच्या पुढे गेला तर पामर असण्याची शक्यता खूप, वॉटरहेम्पचा देठ पानापेक्षा बराच आखूड असतो. दोन-तीन पानांवर करून बघा, एकावर विश्वास ठेवू नका. पामर आणि वॉटरहेम्प दोघांतही नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. पामरच्या मादीचा तुरा हातभर लांब आणि हाताला टोचणारा, नराचा मऊ. आपल्याकडच्या माठांत नर-मादी फुलं एकाच झाडावर येतात, त्यामुळे 'अगदी आपल्यासारखा' हे फक्त पानांपुरतं खरं.

पामर मूळचा अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचा आणि उत्तर मेक्सिकोचा, वाळवंटी मुलखातला. अनुकूल दिवसांत तो दिवसाला पाच सेंटिमीटर किंवा त्याहूनही जास्त वाढतो. २००५ च्या सुमारास जॉर्जिया राज्यात ग्लायफोसेट या तणनाशकाला न मरणारा पामर कापसाच्या शेतात सिद्ध झाला आणि नंतर तो पसरतच गेला. त्याने केलंय काय, तर ग्लायफोसेट ज्या एका एन्झाइमवर घाव घालतं त्याच्या जनुकाच्या काही झाडांत शंभराहून जास्त प्रती करून ठेवल्यात, औषध किती जणांना मारणार. मिनेसोटात तो पहिल्यांदा २०१६ साली सापडला आणि तोही शेतात नाही, निसर्ग-संवर्धनासाठी लावलेल्या गवत-फुलांच्या मिश्र बियाण्यात भेसळ होऊन आला. पुढे गुरांच्या खाद्यातून आणि त्यांच्या खतातूनही पसरल्याचं आढळलं. तुमच्या राज्यात तो कायद्याने पूर्ण नष्ट करायच्या तणांच्या यादीत आहे, दिसला तर राज्याच्या कृषी खात्याला कळवायचं असतं. फोटो काढा, देठ दुमडलेल्या पानाचा काढा, तुऱ्याचा जवळून काढा, आणि त्यांना पाठवा. खात्री होईपर्यंत उपटून कचऱ्यात टाकू नका, बी आलं असेल तर कचऱ्याच्या गाडीबरोबर तुम्हीच ते पसरवाल.

सासूबाईंना सांगा की त्यांचंही चुकलेलं नाही. तिकडचे मूलनिवासी लोक पामरची पानं आणि बी खातच आले आहेत. पण तुमचं झाड सोयाबीनच्या फार्मच्या कुंपणावर आहे, त्या शेतावर फवारलेलं वाऱ्याने तुमच्या बाजूला येणार आणि खताचं नत्रही मुळांत उतरणार, म्हणून तिथला नको. त्यांना माठच हवा असेल तर एशियन दुकानात लाल आणि हिरवा दोन्ही मिळतो. आणि जाताना त्यांनी हौसेने त्या कुंपणावरचं बी रुमालात बांधून घेतलं नाही ना, एवढं बॅग भरताना बघा, वसमतच्या काटेमाठाला अजून एक पाहुणा नकोय.